कापोसी सार्कोमाचा व्हायरस एका पानावर कसा उतरवायचा

दरवर्षी एमएस्सीच्या पोरांना हा टॉपिक शिकवताना एकच गोष्ट दिसते. पोरं हुशार असतात, रात्र रात्र जागून पाठ करतात, व्हायव्हाला "लाना (या व्हायरसचं एक प्रोटीन) काय करतो?" विचारलं की एका दमात सात प्रोटीनची नावं सांगतात, पण "कशासाठी करतो?" म्हटलं की गप्प. चूक त्यांची नाही, पुस्तकात हा व्हायरस किराणा मालाच्या यादीसारखा दिलेला असतो आणि यादी कुणाच्याच डोक्यात महिनाभर टिकत नाही. म्हणून गेली काही वर्षं मी हा व्हायरस पाठ करायला देतच नाही, काढायला देते. एक कोरं पान, पेन्सिल, तीन रंगांची पेनं आणि साधारण दीड तास. इथे तेच सगळं लिहितेय, मायक्रोबायोलॉजीवाल्यांसाठी तर आहेच, पण घरात कुणाच्या रिपोर्टवर एचएचव्ही-८ असं काहीतरी आलंय आणि नेटवर वाचून डोकं गरगरलंय त्यांनाही जमेल असं.

आधी नाव. कापोसी सार्कोमा म्हणजे वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींतून उठणारा, जांभळ्या गाठींचा कॅन्सर. केएसएचव्ही म्हणजे त्या कापोसी सार्कोमाशी जोडलेला हर्पिसव्हायरस, आणि एचएचव्ही-८ म्हणजे तोच, माणसाचा आठवा हर्पिसव्हायरस. हर्पिस म्हटलं की आपल्याकडे एकतर तापानंतर ओठावर येणारी फोड आठवते नाहीतर नागीण, आणि ते याचे भाऊबंदच आहेत. ज्यांच्या घरात कुणाला नागीण झालीये त्यांना या घराण्याचा स्वभाव आधीच माहितीये, लहानपणी कांजिण्या येऊन जातात, मग पन्नास वर्षं काही नाही, आणि म्हातारपणी अंगातली ताकद कमी झाली की तोच व्हायरस नसेतून वर येतो. म्हणजे तो गेलेलाच नसतो, बसलेला असतो. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तेवढंच लिहा, "जात नाही, बसतो".

इतिहास पानाच्या मागच्या बाजूला

इतिहास चार ओळींत लिहा पण लिहाच, कारण त्यात विचार करायची पद्धत शिकायला मिळते. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या मोरित्झ कापोसींनी पायांवर जांभळ्या गाठी आलेल्या पुरुषांच्या केसेस लिहिल्या. पुढची शंभर वर्षं हा म्हाताऱ्या भूमध्यसागरी आणि ज्यू पुरुषांचा, आणि आफ्रिकेच्या काही भागातला आजार म्हणून माहीत होता. १९८१ मध्ये न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात तरुण समलिंगी पुरुषांमध्ये तो अचानक दिसायला लागला, एड्सची ती पहिली चाहूल. मग १९९० मध्ये व्हॅलरी बेराल यांनी अमेरिकेतला एड्सचा डेटा चाळला आणि त्यांना दिसलं की लैंगिक संबंधातून एचआयव्ही झालेल्यांत कापोसी सार्कोमा भरपूर आहे, पण हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आजाराच्या, ज्या पेशंटना रक्तातून काढलेल्या गोठवणाऱ्या फॅक्टरमधून एचआयव्ही झाला त्यांच्यात फारच कमी. आता इथे दोन मिनिटं थांबा. एचआयव्ही दोघांनाही आहे, इम्युनिटी दोघांचीही पडलीये, मग फरक कशाचा? म्हणजे एचआयव्ही सोडून आणखी एक काहीतरी आहे जे माणसामाणसांत पसरतंय. कुणी व्हायरस बघितलेला नसताना फक्त आकड्यांवरून त्याचा माग काढला होता, मला आजही हे शिकवताना अंगावर काटा येतो.

सापडला तो १९९४ मध्ये. कोलंबिया युनिव्हर्सिटीत युआन चँग आणि पॅट्रिक मूर या नवराबायकोने एकाच पेशंटची गाठ आणि त्याचीच निरोगी कातडी घेतली, दोन्हीतला डीएनए काढला आणि जे दोन्हीकडे सारखं आहे ते वजा करत गेले. शेवटी जे दोन तुकडे उरले ते हर्पिसव्हायरससारखे निघाले, आणि एड्सवाल्या कापोसी सार्कोमाच्या २७ पैकी २५ गाठींत ते सापडले. त्याच जोडीने २००८ मध्ये मर्केल सेल या कातडीच्या कॅन्सरचा व्हायरसही शोधला. बास, इतिहास संपला, पान उलटा.

पेन्सिलने पेशी, निळ्याने व्हायरस

पानाच्या मधोमध एक मोठा गोल काढा, ही रक्तवाहिनीच्या किंवा लसिकावाहिनीच्या अस्तराची पेशी. आत केंद्रक, केंद्रकात दोन-तीन क्रोमोसोम. आता निळ्या पेनने क्रोमोसोमच्या शेजारी एक छोटं कडं काढा, हा व्हायरसचा डीएनए. तो आपल्या डीएनएमध्ये घुसून शिवला जात नाही, वेगळं कडं म्हणूनच राहतो, त्याला एपिझोम म्हणतात. इथे बरीच पोरं चुकतात कारण एचआयव्ही डोक्यात असतो, आणि तो मात्र आपल्या डीएनएमध्ये शिवला जातो.

पण मग अडचण बघा. पेशी दुभागते तेव्हा क्रोमोसोम नीट वाटले जातात, मोकळं कडं मात्र सांडून जाईल की. म्हणून पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं प्रोटीन, लाना. पूर्वी रात्रीच्या बैलगाडीखाली कंदील टांगलेला असायचा, त्याला ओढायला वेगळे बैल लागत नाहीत, गाडी जाईल तिकडे कंदील जातो. लाना म्हणजे तो कंदील टांगायचा आकडा. एका टोकाने व्हायरसच्या डीएनएच्या टोकाकडच्या रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, पकडतो, दुसऱ्या टोकाने क्रोमोसोमवरच्या हिस्टोनला, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनला, एच२ए-एच२बीला, अडकतो. पेशीच्या दोन झाल्या की दोघींकडे व्हायरस. कडं आणि क्रोमोसोम यांच्या मधे निळा आकडा काढा.

हे नुसतं चित्र नाही, डोळ्याने दिसतं. मी पहिल्यांदा बीसीबीएल-१ नावाच्या पेशी, ज्या याच व्हायरसच्या लिम्फोमामधून, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरमधून आलेली, लॅबमध्ये वाढवत ठेवलेली सेल लाइन आहेत, त्यांच्यावर लानाची अँटिबॉडी लावून फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघितल्या तेव्हा मला वाटलं होतं की अख्खं केंद्रक हिरवं दिसेल, तर तसं नव्हतं. काळ्या केंद्रकात बारीक बारीक हिरवे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे, आणि त्या प्रत्येक ठिपक्याच्या जागी व्हायरसचा डीएनए बसलेला. पॅथॉलॉजीवाले बायोप्सीत हेच ठिपके तपकिरी रंगात बघतात, चातीसारख्या लांबट पेशी, त्यांच्या मधल्या फटींत अडकलेल्या लाल रक्तपेशी, आणि लांबट केंद्रकात लानाचे दाणे. निदान याच दाण्यांवर पक्कं होतं.

दोन रकाने, आणि एकच प्रश्न

आता पानाच्या डाव्या बाजूला दोन रकाने आखा. एकाच्या वर लिहा "व्हायरसला काय मिळालं", दुसऱ्याच्या वर "पेशीचं काय झालं". माझं सगळं म्हणणं या दोन रकान्यांत आहे. व्हायरसला कॅन्सर नकोच असतो, कॅन्सरने माणूस मेला तर व्हायरसचंही घर गेलं. त्याला हवंय लपायला आणि टिकायला. पण लपण्या-टिकण्यासाठी तो जी बटणं दाबतो ती नेमकी तीच असतात जी दाबली की पेशी वाढतच सुटते. प्रत्येक जीन या दोन रकान्यांतून घातला की पाठ करायची गरज उरत नाही.

लपून बसलेल्या, म्हणजे लेटन्ट अवस्थेत व्हायरस मोजकेच जीन चालू ठेवतो आणि त्यातले तीन मुख्य एकाला एक लागून आहेत, ओआरएफ ७३, ७२, ७१ (ओआरएफ म्हणजे व्हायरसच्या जीनचा नंबर समजा). उलटी मोजणी, लक्षात राहते. ७३ म्हणजे लाना. त्याला डीएनए टिकवायचाय, पण "थांब, काहीतरी गडबड आहे" म्हणणारी पेशीची पी५३ आणि आरबी ही प्रोटीनंही तो दाबून टाकतो, नाहीतर परका डीएनए दिसल्यावर पेशी स्वतःच मरायची. पहिल्या रकान्यात "घर टिकलं", दुसऱ्यात "ब्रेक गेला". ७२ म्हणजे व्ही-सायक्लिन, पेशीला दुभागायला लावणाऱ्या आपल्याच सायक्लिन डीची उचललेली नक्कल, सीडीके६ या एन्झाइमला चिकटून पेशीला दुभागायला लावते, आणि पी१६, पी२७ सारखे ब्रेक आपल्या सायक्लिनला थांबवतात तसे तिला थांबवत नाहीत. पेशी दुभागली की व्हायरस फुकटात दुप्पट. ७१ म्हणजे व्ही-फ्लिप, हा एनएफ-कप्पा-बी नावाचा, पेशीला जगवणाऱ्या सिग्नलचा रस्ता सतत उघडा ठेवतो, पेशी मरत नाही आणि अस्तराची चपटी पेशी ताणून लांबट होते, ती मघाची चात.

याशिवाय कापोसिन हे प्रोटीन आणि डझनभर मायक्रोआरएनए, म्हणजे जीनना गप्प करणारे आरएनएचे छोटे तुकडे. मायक्रोआरएनएवर एक चांदणी करा. प्रोटीन बनवलं की इम्युनिटीला दिसतं, आरएनएचा तुकडा टी सेलला, म्हणजे बिघडलेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या इम्युनिटीच्या पेशीला, दाखवताच येत नाही, म्हणजे काम होतं आणि ठसा उरत नाही. त्यातला के१२-११ हा आपल्याच एमआयआर-१५५ या मायक्रोआरएनएची नक्कल आहे, जो बी सेलच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या) कॅन्सरमध्ये आधीपासून बदनाम.

मरणारी पेशी गाठ कशी वाढवेल?

हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी वर्गातल्या एका मुलीने विचारला आणि तेव्हापासून मी तो सगळ्यांना विचारते. लाल पेन घ्या. व्हायरसचा दुसरा मोड लायटिक, त्यात एकच स्विच, ओआरएफ ५० म्हणजे आरटीए. तो पडला की सगळे जीन रांगेने चालू होतात, नवे व्हायरस तयार होतात, पेशी मरते. लॅबमध्ये सोडियम ब्युटिरेट किंवा टीपीए ही रसायनं घालून हा स्विच मुद्दाम पाडतात. गाठीतल्या बहुतेक पेशी लेटन्टच असतात, लायटिक अगदी थोड्या. मग मरायला निघालेल्या थोड्या पेशींना एवढं महत्त्व का द्यायचं?

कारण त्या मरायच्या आधी शेजाऱ्यांना बिघडवतात. तुमच्या मोठ्या गोलाशेजारी एक छोटा गोल काढा, लाल. त्यात दोन गोष्टी लिहा. एक व्ही-जीपीसीआर, आयएल-८च्या रिसेप्टरसारखा रिसेप्टर (आयएल म्हणजे पेशी एकमेकींना पाठवतात ते निरोप, रिसेप्टर म्हणजे ते ऐकणारा कान), पण त्याला बाहेरून सिग्नल लागतच नाही, तो कायम चालू. त्यामुळे पेशी व्हेज-एफ हे वाहिन्या वाढवणारं प्रोटीन सोडते आणि आजूबाजूला नव्या रक्तवाहिन्या फुटतात. कापोसीची गाठ जांभळी दिसते ती याच कच्च्या, गळक्या वाहिन्यांमुळे. दुसरं, व्ही-आयएल-६. आपल्या आयएल-६ला पेशीवर दोन हात लागतात, जीपी८० आणि जीपी१३०. व्हायरसच्या आयएल-६ला फक्त जीपी१३० पुरतो. हे किती कामाचं आहे ते पुढे येतंय, तोवर जीपी८०वर काट मारून ठेवा. लाल गोलाकडून मोठ्या गोलाकडे बाण काढा. गाठ म्हणजे निळ्या आणि लाल पेशींची मिळून एक वस्ती आहे, आणि फक्त निळ्या शिकलात तर अर्धाच आजार कळतो.

इम्युनिटीला चकवणं: इथे घाई करू नका

हिरवं पेन. पेशीच्या बाहेर चार पहारे काढा आणि प्रत्येकासमोर व्हायरसची युक्ती लिहा.

पहिला पहारा इंटरफेरॉन, म्हणजे गावात दवंडी पिटणं, "व्हायरस आलाय, दारं लावा". दवंडी पिटायचा हुकूम आयआरएफ नावाची प्रोटीनं देतात. या व्हायरसने आपलेच आयआरएफ उचलून त्यांच्या चार बनावट आवृत्त्या केल्यात, व्ही-आयआरएफ, त्या खऱ्यांच्या जागी जाऊन बसतात आणि हुकूम निघत नाही. ओआरएफ ४५ हे प्रोटीन तर व्हायरस कणासोबत आतच येतं आणि आयआरएफ७ला अडवतं, म्हणजे पेशीत पाय ठेवल्या ठेवल्या बंदोबस्त. ओआरएफ ५२ सी-गॅसला गप्प करतं, जो पेशीत भलत्या जागी डीएनए दिसला की ओरडतो. आणि आता ती जीपी८०वरची काट आठवा. दवंडी ऐकली की पेशी जीपी८० पृष्ठभागावरून कमी करते, वाढीचा हुकूम ऐकूच यायला नको म्हणून. आपलं आयएल-६ मग निरुपयोगी होतं. व्हायरसच्या आयएल-६ला जीपी८० लागतच नाही, त्यामुळे तो बंद दारातूनही ऐकू जातो. पोरांना हे कळतं ना, तेव्हा वर्गात एकदम शांतता होते.

दुसरा पहारा टी सेल. प्रत्येक पेशी आत काय शिजतंय त्याचे तुकडे एमएचसी-१ नावाच्या खिडकीत मांडते, टी सेल येताजाता बघतात. लायटिक पेशीत के३ आणि के५ ही दोन प्रोटीनं त्या खिडकीला युबिक्विटिनचं लेबल चिकटवतात, आणि लेबल लागलेली खिडकी आत ओढून लायसोझोममध्ये, म्हणजे पेशीच्या भंगारखान्यात, मोडीत निघते. खिडकी बनायची थांबवली जात नाही हं, बनलेली पृष्ठभागावरून ओढून घेतली जाते, परीक्षेत हा फरक विचारतात.

तिसरा पहारा एनके सेल, म्हणजे नॅचरल किलर पेशी, आणि हा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नवल वाटतं, कारण खिडकीच नाही असं दिसलं की एनके सेल मारतात. म्हणजे टी सेलपासून वाचायला खिडकी काढली तर एनकेच्या तावडीत सापडायचं. त्यावर उपाय, के५ सगळ्या खिडक्या सारख्या काढत नाही, एचएलए-ए आणि बी जास्त, सी कमी. शिवाय एनकेला पकड मिळते ते आयसीएएम-१ आणि "मला मारा" म्हणणारा एमआयसीए हेही खाली ओढतो, आणि एक मायक्रोआरएनए एमआयसीबीला बनूच देत नाही. चौथा पहारा कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातली परक्यांवर हल्ला करणारी प्रोटीनं, त्याला केसीपी नावाचं प्रोटीन थोपवतं, हे पटकन लिहून पुढे चला.

राहिला लाना. लेटन्ट पेशीत तो सतत बनतो, मग त्याचे तुकडे खिडकीत का दिसत नाहीत? त्याच्या मधल्या भागात आम्लधर्मी रिपीटची लांबच लांब माळ आहे, तिच्यामुळे तो स्वतःच हळू बनतो आणि त्याचे तुकडे खिडकीपर्यंत फार कमी पोचतात. एपस्टीन-बार व्हायरसचं ईबीएनए-१ हे प्रोटीनही हेच वेगळ्या माळेने करतो. कॅन्सर करणारे माणसाचे दोन हर्पिसव्हायरस, दोघांनीही हीच वाट धरली.

मग सगळ्यांनाच कॅन्सर का होत नाही

आता पानाकडे बघितलं तर वाटेल की याच्यापुढे कुणाचं काही चालत नसेल. चालतं. हा व्हायरस अंगात असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही, कारण इतक्या युक्त्या करूनही टी सेल त्याला धाकात ठेवतात. पहारा पडला की तो वर येतो, एचआयव्हीत, किडनी ट्रान्सप्लांटनंतरच्या औषधांवर, उतारवयात. हिरव्या पहाऱ्यांवर पेन्सिलने पुसट फुली मारून बघा, निळं आणि लाल तेवढंच उरतं, तेच कापोसी सार्कोमा. हाच व्हायरस बी सेलमध्ये बसला तर छाती-पोटाच्या पोकळीत पाणी भरणारा प्रायमरी इफ्युजन लिम्फोमा किंवा ताप आणि गाठींचा मल्टिसेंट्रिक कॅसलमन आजार.

पसरतो मुख्यतः लाळेतून. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हा खूप आहे, युगांडासारख्या देशात कापोसी सार्कोमा पुरुषांच्या प्रमुख कॅन्सरमध्ये मोजला जातो. भारतात मात्र व्हायरसच कमी पसरलेला, म्हणून आपल्याकडे एचआयव्हीचे एवढे पेशंट असूनही हा आजार क्वचित दिसतो. आणि क्वचित दिसतो म्हणूनच चुकतो. फोटोत गोऱ्या कातडीवरचे जांभळे डाग बघून आपण तेच शोधतो, सावळ्या कातडीवर ते काळपट-तपकिरी दिसतात, दुखत नाहीत, खाजत नाहीत, बोटाने दाबले तरी फिके पडत नाहीत, पायावर, नाकाच्या शेंड्यावर, आणि टाळूवर. टाळू बघायला टॉर्च लावून आ करायला लावावं लागतं, ते कुणी करत नाही. एचआयव्ही किंवा ट्रान्सप्लांटच्या पेशंटला असं काही दिसलं तर बायोप्सी होईपर्यंत मनाने स्टिरॉइड देऊ नका, मलम नाही, गोळी नाही, स्टिरॉइडने हा आजार भडकतो. एचआयव्हीची टेस्ट आणि औषधं सरकारी केंद्रात फुकट आहेत, १०९७ला फोन केला की जवळचं केंद्र कळतं. औषधं सुरू झाल्यावर सुरुवातीला डाग कधीकधी वाढतात, जागी झालेली इम्युनिटी तिथे भांडते म्हणून, तेव्हा घाबरून गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

औषधं पानावर लावून बघा

पान नीट जमलंय का ते तपासायला मी औषधं विचारते, उत्तर वाचून नाही, चित्रावर बोट ठेवून द्यायचं. एचआयव्हीच्या औषधांनी गाठी का विरतात? हिरव्यावर बोट. पसरलेल्या आजारात लायपोझोमल डॉक्सोरुबिसिन किंवा पॅक्लिटॅक्सेल का? वाढणाऱ्या पेशींवर बोट. गॅनसायक्लोव्हिर व्हायरसचा डीएनए बनणं थांबवतं, मग तयार गाठीवर त्याचा फारसा उपयोग का नाही? कारण निळं कडं व्हायरसच्या मशिनने नाही, पेशीच्या मशिनने वाढतं, गॅनसायक्लोव्हिर फक्त लाल गोलाला लागतं. आणि इटलीत २००५ मध्ये किडनी ट्रान्सप्लांटच्या १५ पेशंटचं सायक्लोस्पोरिन हे इम्युनिटी दाबणारं औषध बंद करून सिरोलिमस दिलं, तीन महिन्यांत सगळ्यांच्या कातडीवरच्या गाठी गेल्या आणि किडनीही टिकली, ते कसं? दोन ठिकाणी बोट लागतं, सायक्लोस्पोरिनचा दाब टी सेलवरून उठला, आणि सिरोलिमस एमटॉर हे पेशीच्या वाढीचं बटण अडवतं, म्हणजे लाल गोलाकडून आलेला "वाढा" हा निरोप आत पोचत नाही.

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. सिल्टुक्सिमॅब हे आयएल-६ला पकडणारं औषध कॅसलमनवर चालतं, पण मंजुरी आहे ती फक्त एचआयव्ही आणि एचएचव्ही-८ दोन्ही निगेटिव्ह असलेल्यांसाठी. का? मागच्या बॅचला एका मुलाने काही न बोलता लाल गोलातल्या व्ही-आयएल-६वर बोट ठेवलं. औषध माणसाच्या आयएल-६ला पकडतं, व्हायरसचं आयएल-६ त्याच्या हाताला लागत नाही.